झिरी बुजण्याआधी

घरात ऑटोमेशन करून हवं आहे असं सांगत माणसं माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेक वेळा घराचं प्लास्टर होऊन गेलेलं असतं. काही घरांत तर टाइल्स बसून रंगाचा पहिला हातही झालेला असतो. मोबाइलमध्ये कुठल्या तरी प्रदर्शनातले व्हिडिओ असतात. आवाज दिला की दिवा लागतो, पडदा सरकतो, एसी चालू होतो. ‘एवढंच करून द्या,’ म्हणतात. मी आधी बेडरूममधला उशाकडचा बोर्ड उघडतो. आत किती वायरी आल्या आहेत, न्यूट्रल आहे का, बॉक्स किती खोल आहे, ते बघतो. त्या घरात काय होऊ शकेल ते तिथेच ठरतं. दुकानातून काय आणायचं हा प्रश्न त्यानंतरचा.

इतकी वर्षं हे काम केल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. घरातली यंत्रं पाच-सात वर्षांत बदलतात, भिंतीतला पाईप घर उभं आहे तोवर राहतो. म्हणून खरं नियोजन पाईपचं आणि त्या घरात राहणाऱ्या माणसांच्या सवयींचं. ते पाईपासाठी भिंतीत मारलेली झिरी बुजण्याआधी झालं तर झालं. नंतर उरते ती तडजोड.

माझं राहणं आणि बरंचसं काम पाणीगेटच्या आसपास. बडोद्याच्या जुन्या शहराला चार दरवाजे आहेत. पश्चिमेला लहेरीपुरा, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडी आणि पूर्वेला आमचं पाणीगेट. चारही बाजूंचे रस्ते मध्ये मांडवीला येऊन मिळतात. गायकवाडांच्या काळापासून इथे मराठी घरं आहेत. प्लॉट अरुंद, पण आत लांबच लांब. शेजाऱ्याची आणि आपली भिंत एकच. रस्त्याला तोंड जेमतेम एका खोलीचं आणि मागे एकापाठोपाठ एक खोल्या. आता वारसांत वाटण्या होतात, जुनं लाकडी माळ्याचं घर उतरवलं जातं आणि त्याच जागेवर तीन मजली आरसीसी घर उभं राहतं. दरवाज्याबाहेर आजवा रोडला आणि वाघोडिया रोडला सोसायट्यांमधली बंगलेवजा घरंही मी करतो, पण जास्त शिकवलं ते गल्लीतल्या घरांनी. तिथे चुकायला जागाच नसते.

तरसालीच्या आयटीआयमधून बाहेर पडलो तेव्हा या गल्ल्यांत अजून पट्टी फिटिंग होतं. सागवानी पट्ट्या, त्यावर पत्र्याच्या क्लिपा, चिनीमातीचे किटकॅट फ्यूज, काळी गोल बटणं. ज्या मिस्त्रींच्या हाताखाली मी शिकलो ते शिडीवर न चढता, खालूनच पट्टीवर नजर फिरवत बिघाड कुठे असेल ते सांगायचे. सगळी वायर डोळ्यांसमोर असायची. भिंतीत पाईप घालायची पद्धत आली तशी भिंती देखण्या झाल्या, पण घराची वायरिंग कुठून कशी गेली आहे ते फक्त वायरमनच्या डोक्यात राहिलं. तो वायरमन गाव सोडून गेला किंवा वारला की घर मुकं होतं. म्हणून माझ्या कामात प्लास्टरच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचे फोटो निघतात. भिंतीला मोजपट्टी लावून, जमिनीपासून आणि कोपऱ्यापासूनचं अंतर दिसेल असे. त्यांचे प्रिंट डीबीच्या, म्हणजे विजेच्या मुख्य बोर्डाच्या, दाराच्या आत पिशवीत ठेवतो. मोबाइलमधले फोटो मोबाइलबरोबर जातात. पिशवी तिथेच राहते. पडद्याचा रॉड लावायला येणाऱ्या सुताराला मालकीणबाई आधी ती पिशवी दाखवतात, असं काही घरांतून मला कळलं. त्याचं फार समाधान वाटतं.

स्लॅबचा दिवस मी कधी पोरांवर सोडत नाही. सेंट्रिंगवर सळई बांधून झाली की स्लॅब भरण्यापूर्वी आम्हाला एखादा दिवस मिळतो. खालच्या आणि वरच्या सळईच्या मधून 25 मिलिमीटरचे हेवी पाईप टाकायचे, फॅनबॉक्स आणि जंक्शन सळईला तारेने बांधायचे, जोडावर सोल्यूशन लावायचं, आणि बॉक्समध्ये ओला कागद गच्च भरून तोंडं बंद करायची. दुसऱ्या दिवशी पहाटे मिक्सर सुरू होतो. डोक्यावर घमेली घेतलेली माणसं सळईवरून एका रांगेत चालत येतात आणि त्यांचे पाय नेमके आमच्या पाईपवर पडतात. मागोमाग व्हायब्रेटर. तो बेंडजवळ जरा जास्त वेळ धरला की जोड सुटतो. अशाच एका सकाळी पलीकडच्या कोपऱ्यातून गवंड्याची हाक आली, ‘काका, पाइप नीकळी गयो!’ मी पोहोचेपर्यंत काँक्रीट बेंडवर आलं होतं. दोघांनी हाताने काँक्रीट बाजूला ओढलं, पाईपचं टोक पुसलं, पुन्हा सोल्यूशन लावून घट्ट बसवलं आणि तार दुहेरी केली. गवंड्याने हाक मारली नसती तर तो पाईप आत सिमेंटने भरला असता आणि दोन महिन्यांनी वायर ओढताना स्प्रिंग मध्येच अडकली असती. मग तयार छत फोडायचं किंवा खोलीभर उघडी पट्टी मारायची, असे दोनच मार्ग उरतात. स्लॅब सुरू होण्याआधी सगळ्या गवंड्यांबरोबर चहा घ्यायचा आणि पाईप कुठून गेले आहेत ते त्यांना हाताने दाखवायचं, ही सवय मला त्या मिस्त्रींनी लावली. त्या चहाइतकं स्वस्त संरक्षण दुसरं नाही.

भिंती उभ्या राहिल्या की खडूचं काम. घरातल्या सगळ्यांना बोलवा, असा माझा आग्रह असतो. नुसते मालक आणि आर्किटेक्ट आले तर मी खडू हातात घेत नाही. बिनप्लास्टरच्या खोलीत जमिनीवर पलंग काढायचा, कपाट काढायचं, दार कुठल्या बाजूला उघडतं ते काढायचं. दारामागे गेलेला स्विचबोर्ड मी असंख्य घरांत पाहिला आहे, कारण नकाशावर दार बंद असतं. स्वयंपाकघरात त्या घरच्या बाईंना ओट्याच्या खुणेपाशी उभं करतो. मिक्सर कुठे ठेवणार, हात कुठे जातो, कुकर उतरवून कुठे ठेवता? एका सूनबाईंनी सांगितलं की त्या डावखुऱ्या आहेत. आर्किटेक्टच्या नकाशात मिक्सरचा प्लग गॅसच्या पलीकडे होता, म्हणजे रोज वायर शेगडीवरून गेली असती. तो प्लग तिथल्या तिथे खडूनेच हलला.

याच वेळी ज्येष्ठांचं ऐकायचं असतं, आणि तेच बहुधा गप्प असतात. गल्लीतल्या एका घरात आजी भिंतीला टेकून उभ्या होत्या. मुलगा आणि नातू पडदे, स्पीकर, रंग बदलणारे दिवे असं काय काय सांगत होते. मी आजींना विचारलं, ‘तुम्हाला काय हवं?’ त्या म्हणाल्या, ‘मला काही नको रे. रात्री उठल्यावर बटण सापडत नाही तेवढं बघ. दिवा लावला की हा जागा होतो, म्हणून मी अंधारातच जाते.’ त्यांच्या पलंगापासून न्हाणीघरापर्यंत तीन वळणं होती. आम्ही त्या वाटेवर जमिनीपासून वीतभर उंचीवर छोटे पिवळसर दिवे बसवले, प्रत्येक वळणावर एक सेन्सर, आणि पलंगाखाली एक. आजींचा पाय जमिनीवर टेकला की वाट उजळते, डोळ्यांवर प्रकाश येत नाही, आणि त्या परत येऊन झोपल्या की काही वेळाने दिवे आपोआप मालवतात. त्याला ना ॲप लागतं ना इंटरनेट. त्या घरातले पडदे आता हातानेच ओढले जातात, मोटर बिघडली आणि पुन्हा कोणी दुरुस्त केली नाही. आजींचे दिवे मात्र रोज रात्री लागतात. उतारवयात पडणं आणि त्यातून खुब्याचं हाड मोडणं किती घरांवर बेतलं आहे हे आपण सगळेच जाणतो. ऑटोमेशनवर एकच खर्च करणार असाल तर हाच करा, असं मी आता पहिल्या भेटीतच सांगतो.

न्हाणीघरातल्या सेन्सरचं मात्र वेगळं आहे. साधा सेन्सर हालचाल ओळखतो. माणूस स्थिर बसला की त्याच्या लेखी खोली रिकामी, आणि दिवा जातो. वयस्कर माणसं घाबरतात. हल्ली रडारवर चालणारे सेन्सर मिळतात, ते बसलेल्या माणसाचं अस्तित्वही ओळखतात. पण त्यांना कायमची वीज लागते, म्हणजे छतात एक पॉइंट लागतो, म्हणजे पुन्हा स्लॅबच्या आधी विचार. शिवाय बाहेर साधं बटण हवंच. पाहुणा आला, कामाला बाई आली, नेट गेलं, फोनची बॅटरी संपली, तरी हात नेहमीच्या जागी जाऊन दिवा लागला पाहिजे. ज्या घरात बटण काढून फक्त फोन आणि आवाज ठेवला, तिथून मला परत बोलावणं आलं आहे.

आता न्यूट्रल. हे जरा तांत्रिक आहे, पण घर बांधणाऱ्याने समजून घ्यावंच. दिवा लागायला फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागतात. साध्या बटणाला मात्र न्यूट्रलची गरज नसते, ते फक्त फेज तोडतं आणि जोडतं. म्हणून जिन्यातल्या आणि उशाकडच्या दुहेरी बटणांच्या बोर्डात पुष्कळ वायरमन न्यूट्रल नेतच नाहीत. स्मार्ट स्विचच्या आत छोटं यंत्र सतत जागं असतं, त्याला स्वतःला वीज लागते. न्यूट्रल नसेल तर ते दिव्यातूनच थोडा करंट ओढतं. पूर्वीच्या 60 वॅटच्या बल्बला त्याचा पत्ता लागत नसे. आता 9 वॅटचा एलईडी असतो, तो तेवढ्याने मिणमिणत राहतो किंवा लुकलुकतो. ‘रात्रभर दिवा मिचमिचतो, काहीतरी बाधा आहे,’ अशी तक्रार घेऊन एक काकू आल्या होत्या. बाधा न्यूट्रलची होती. प्रत्येक बॉक्समध्ये काळी वायर न्यायला घर बांधताना किरकोळ खर्च येतो. बांधून झाल्यावर तीच वायर नेणं म्हणजे भिंत उघडणं.

बॉक्सही खोल हवेत. स्मार्ट मॉड्यूल प्लेटच्या मागे बसतं, उथळ बॉक्समध्ये वायरी दाबून प्लेट बसवली की आत उष्णता साठते. इथे आर्किटेक्टशी माझं हमखास वाजतं. साडेचार इंची भिंतीच्या दोन्ही बाजूंना पाठीला पाठ लावून बोर्ड काढलेले असतात. दोन्ही बॉक्स खोल घेतले तर मध्ये वीट उरत नाही, या खोलीतला आवाज त्या खोलीत जातो. मग एक बोर्ड हातभर सरकवावा लागतो आणि सिमेट्री बिघडते. बिघडू दे. तसंच, 26 जानेवारी 2001 च्या भूकंपानंतर आमच्याकडचे चांगले इंजिनियर कॉलम-बीमला छिन्नी लावू देत नाहीत. त्यांचं बरोबर आहे. बोर्ड कॉलमवर आला असेल तर बोर्ड हलवायचा, कॉलम कोरायचा नाही. पातळ भिंतीत लांबलचक आडवी झिरीही मारायची नाही, छतातून सरळ खाली उतरायचं.

पंख्याबद्दल लोकांना फार कमी माहिती असते. साधा छताचा पंखा साधारण 75 वॅट खातो, बीएलडीसी पंखा 28 ते 35. जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं झालं, तेव्हापासून नव्या घरांत बीएलडीसी पुष्कळ येतात. त्या पंख्याला भिंतीवरचा रेग्युलेटर चालत नाही, त्याचा वेग त्याच्या आतच बदलतो. तरी लोक स्मार्ट रेग्युलेटर विकत आणतात आणि पंखा बिघडला की कंपनीला बोल लावतात. पंखा आधी ठरवा, मग बोर्ड.

परदेशातून आलेल्या सामानाचा अनुभव तर आमच्या भागात घरोघरी आहे. मुलगा न्यू जर्सीला, आईवडिलांसाठी इथे घर बांधतो आणि दोन बॅगा भरून सामान आणतो. फार प्रेमाने आणलेलं असतं. पण तिथली वीज 120 व्होल्ट, आपली 230. तिथल्या स्विचची पट्टी उभी, आपल्या मॉड्युलर बॉक्समध्ये ती बसतच नाही. झेड-वेव्ह या बिनतारी पद्धतीची उपकरणं तिथे 908.42 मेगाहर्ट्झवर बोलतात, भारतासाठी 865.2 ठरलेली आहे, त्यामुळे इथल्या हबशी त्यांची ओळखच होत नाही. तिथला थर्मोस्टॅट घरभरच्या एका यंत्रणेसाठी असतो, आपल्याकडे खोलीखोलीत स्प्लिट एसी. एका घरी सगळ्या वस्तू टेबलावर मांडून मी त्या मुलाला एकेक समजावलं. त्याला वाईट वाटलं, मलाही. शेवटी त्याने आईवडिलांसाठी दारावरचा कॅमेरा, गॅसगळतीचा सेन्सर आणि धोक्याचा भोंगा एवढंच इथून घेतलं. दार वाजलं की वडील खाली न उतरता कोण आलं ते बघतात. तीन मजली अरुंद घरात जिने चढउतर वाचणं ही मोठी गोष्ट आहे.

याच लांबट घरांमुळे वाय-फायचा धडाही मिळाला. राउटर रस्त्याकडच्या खोलीत, कारण केबल तिथून येते. मागच्या खोलीपर्यंत मध्ये चार-पाच भिंती आणि वर सळईने भरलेला स्लॅब. बहुतेक स्वस्त स्मार्ट स्विच 2.4 गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर चालतात, त्याचा सिग्नलही मागे पोहोचेपर्यंत क्षीण होतो. लोक स्विच बदलत बसतात. मी प्रत्येक मजल्याच्या मध्यभागी छतात एक लॅन केबल नेतो आणि तिथे ॲक्सेस पॉइंट लावतो. त्याला वीजही त्याच केबलमधून मिळते. ही केबल विजेच्या पाईपात घालायची नाही, वेगळा पाईप, आणि दोन्ही शक्यतो हातभर लांब. शिवाय गच्चीपासून तळापर्यंत दोन रिकामे पाईप, आत नायलॉनची दोरी ओवून. ‘हे कशाला?’ असं प्रत्येक मालक विचारतो.

एका घरात त्या रिकाम्या पाईपाची किंमत कळली. आधी त्यांनी एका कंपनीचे स्विच बसवले होते, सगळा कारभार कंपनीच्या सर्व्हरवरून. कंपनीने ते उत्पादन बंद केलं, सर्व्हरही गेला आणि फाटकाचे व जिन्याचे दिवे ॲपवरून लागेनात. हार्डवेअर धडधाकट होतं, पण त्याला हुकूम देणारं कोणी उरलं नव्हतं. रिकाम्या पाईपातून नवी केबल ओढून आम्ही घरातच चालणारा कंट्रोलर बसवला, तोडफोड झाली नाही. तेव्हापासून मी ग्राहकांना आधी एकच प्रश्न विचारायला लावतो, इंटरनेट काढून टाकलं तर हे चालेल का? दुकानदार टाळाटाळ करू लागला तर दुसरं दुकान बघायचं. 2022 मध्ये मॅटर नावाचं सामाईक मानक आलं. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं घरातल्या घरात एकमेकांशी बोलतील असा त्याचा हेतू आहे, आणि त्यामुळे परिस्थिती सुधारते आहे. ज्यांचं बजेट मोठं आहे त्यांना मी केएनएक्स ही तारेवर चालणारी यंत्रणा सुचवतो. त्यात प्रत्येक बटणापर्यंत हिरवी नियंत्रण केबल जाते. महाग आहे, पण भिंतीतल्या तारेवर भरवसा ठेवता येतो.

पाणीगेटला सगळ्यात प्रेमाने वापरलं जाणारं ऑटोमेशन कुठलं, तर पाण्याचं. आजव्याचा तलाव सयाजीराव महाराजांच्या काळातला, आणि शहराच्या कितीतरी भागाचं पाणी अजून तिथून येतं. नळाचं पाणी ठरावीक वेळी येतं, जमिनीतल्या टाकीत भरतं, मग मोटरने गच्चीवर चढवायचं. मोटर बंद करायला विसरलं की गच्ची वाहते, खालची टाकी रिकामी असताना चालू राहिली की मोटर जळते. दोन्ही टाक्यांत पातळीचे सेन्सर आणि मधे एक कंट्रोलर, एवढ्याने दोन्ही प्रश्न सुटतात. फक्त गच्चीपासून खालच्या टाकीपर्यंत सेन्सरच्या वायरीसाठी पाईप हवा, आणि नेमका तोच नकाशात नसतो. मग वायर बाहेरून लोंबत येते, उत्तरायणात पतंगाचा मांजा तिच्यात अडकतो आणि जानेवारीच्या 15 तारखेला फोन येतो.

सुरक्षिततेबद्दल थोडं कडक बोलतो. आरसीसीबी म्हणजे फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का हे बघणारं यंत्र. 30 मिलीअँपिअरचा फरक पडला तर ते वीज तोडतं, म्हणजे माणसाला झटका बसत असेल तर जीव वाचतो. एका नव्या घरात गीझर लावला की ते पडायचं. आधीच्या माणसाने कंटाळून ते काढून टाकायचा सल्ला दिला होता. आम्ही एकेक जंक्शन उघडलं, तर दुसऱ्या मजल्याचा आणि तळमजल्याचा न्यूट्रल एका बॉक्समध्ये एकत्र पिळलेला. करंट एका वाटेने जात होता आणि दुसऱ्या वाटेने परतत होता. यंत्र आपलं काम चोख करत होतं. प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल त्याच्याच पट्टीवर, हे कागदावर लिहून वायरमनची सही घ्यावी. इन्व्हर्टरच्या लाइनचाही न्यूट्रल असाच वेगळा ठेवावा, तिथे हा गोंधळ सर्रास होतो. आणि यंत्रावरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबावं, घरातल्या शाळकरी मुलावर ते काम सोपवलं की चुकत नाही.

पुरांनी वायरिंगची दिशाच बदलली. 31 जुलै 2019 ला बडोद्यात एका दिवसात सुमारे 500 मिलिमीटर पाऊस पडला, आणि ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी पुन्हा शहरात शिरली. पाणी ओसरल्यावर आम्ही नदीकाठच्या आणि सखल भागातल्या कितीतरी घरांचे बोर्ड उघडले. गुडघाभर उंचीच्या बॉक्समध्ये गाळ बसलेला. ज्यांचे पाईप फरशीखालून नेले होते तिथे पाईपात पाणी भरून राहिलं आणि इन्सुलेशन टेस्ट आठवडे गेले तरी पास होईना. जिथे पाईप छतातून खाली उतरत होते ती घरं चार दिवसांत चालू झाली. आता तळमजल्यावर मी फरशीखालून पाईप नेतच नाही. तळमजल्याचा डीबी वेगळा, वरच्या मजल्यांचा वेगळा, म्हणजे खाली पाणी असलं तरी वर दिवा आणि पंखा चालवता येतो. मीटर जितका वर घेता येईल तितका, इन्व्हर्टरची बॅटरी जिन्याखाली जमिनीवर कधीच नाही. नेटवर्कचं कपाटही पहिल्या मजल्यावर. ऑटोमेशनच्या माहितीपत्रकात यातलं काही नसतं.

पैशाची गोष्ट लोक शेवटी काढतात, मी आधी काढतो. पाईप, न्यूट्रल, खोल बॉक्स, आरसीसीबी, चांगलं अर्थिंग यांत काटकसर करायची नाही. स्विच, पडदे, स्पीकर यांत जरूर करा, ते पुढे घेता येतात. एका शिक्षक दांपत्याने घर बांधताना एकही स्मार्ट वस्तू घेतली नाही, फक्त पाईप आणि बॉक्स मी म्हणालो तसे केले. पुढे दरवर्षी दिवाळीला ते एका खोलीचं काम करून घेत गेले. त्यांच्या घरात अजून भिंतीला हातोडी लागलेली नाही.

रिकाम्या पाईपांचा उपयोग हल्ली सौर पॅनेलसाठीही होतो. फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, 3 किलोवॅटपासून पुढे 78,000 रुपयांचं अनुदान मिळतं, त्यामुळे गल्लीतल्या तीन मजली घरांच्या गच्च्याही भरू लागल्या आहेत. गच्चीपासून मीटरपर्यंत केबल आणि अर्थिंगसाठी वाट ठेवलेली असली की काम सोपं होतं, नाहीतर नव्या रंगावरून पाईप उतरतो. त्यानंतर प्रश्न येतो गाडीचा. चार्जरला 32 अँपिअरची स्वतंत्र लाइन लागते, मंजूर लोड वाढवून घ्यावा लागतो, आणि आमच्या गल्लीत गाडी घराच्या आत येत नाही, ओट्याला लागून उभी राहते. चार्जिंगचा पॉइंट ओट्यावर ठेवायचा तर कुलूप कसं, पावसापासून बचाव कसा, जाणाऱ्या-येणाऱ्या पोरांचा हात लागला तर काय, यावर माझ्याकडची मुलं सध्या डोकं चालवत आहेत. ॲप, हब, सगळी जोडणी तीच करतात आणि माझ्यापेक्षा चांगली करतात.

मांडवीकडून येताना डाव्या हाताच्या गल्लीत एका घराचा पहिला स्लॅब पुढच्या आठवड्यात आहे. मालकांनी फोन करून सामानाची यादी मागितली. मी त्यांना म्हटलं, ‘यादी नंतर देतो. रविवारी सकाळी सगळ्यांना साइटवर घेऊन या. वहिनी, मुलं, आणि तुमच्या आईंनाही. त्यांना बसायला एक खुर्ची आणा.’